सरकारी इस्पितळातले सिझेर: ऑपरेशन चोख, पुढच्या दोन रात्रींची तयारी आपण करायची

गोव्यात सरकारी सिझेर म्हटले की बहुतेकांसमोर तीन दारे असतात: म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ, ज्याला लोक अजून आझिलोच म्हणतात, मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ, ज्याला जुन्या नावाने हॉस्पिसियो म्हणतात, आणि बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. तपासणी गावच्या आरोग्य केंद्रात झाली तरी आधीचे सिझेर, खाली सरकलेली वार, जुळी किंवा चढलेला रक्तदाब असेल तर कळा सुरू होण्याची वाट न बघता यांपैकी एक इस्पितळ गाठावे. काणकोणहून मडगाव सुमारे ३५ किलोमीटर. १०८ ची रुग्णवाहिका फुकट येते, पण घाट आणि पाऊस तिलाही चुकत नाहीत.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. ऑपरेशनपुरते बघितले तर सरकारी सेवा भरवशाची आहे. सिझेर रोजचे काम असल्याने हात बसलेले असतात, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ त्याच आवारात असतात, आणि रात्री दोन वाजता गुंतागुंत झाली तर बाळंतिणीला घेऊन धावाधाव करावी लागत नाही. गुण कापावे लागतात ते पुढच्या दोन रात्रींचे. खाटा जास्त, सिस्टर कमी, त्यामुळे अर्धी शुश्रूषा सोबतच्या बाईवर येते, आणि तिला कोणी काही शिकवलेले नसते.

पैशांचे आधी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी इस्पितळात सिझेर, औषधे, तपासण्या, रक्त आणि ७ दिवसांपर्यंतचे जेवण मोफत आहे, घरी परतायचे वाहनसुद्धा. बाळ दाखवताना कोणी पेढ्यांचे पैसे मागितलेच तर द्यायचे नाहीत.

ठरलेले सिझेर असले की आदल्या रात्री १२ नंतर ‘काही घ्यायचे नाही’ असे सांगतात. सकाळच्या यादीत मध्येच तातडीची केस घुसते आणि तिसऱ्या नंबरची बाई दुपारपर्यंत कोरड्या घशाने पडून राहते. जड जेवण ८ तास आधी बंद हवे, हे खरेच. साधे पाणी मात्र भूल देण्याआधी २ तासांपर्यंत चालते, म्हणून नंबर लांबला तर सिस्टरला किंवा भूलतज्ज्ञाला विचारावे. आपल्या मनाने घोटही घेऊ नये. भूल चढल्यावर उलटी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते.

ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्यापूर्वी बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र घरच्यांकडे द्यावे. नेलपॉलिश काढावे, कारण बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र त्यातून नीट वाचत नाही. सलाइनची सुई शक्यतो मनगटाच्या वर, हाताच्या सरळ भागावर लावायला सांगावे. मनगटाच्या सांध्यावर असली की बाळाला धरताना ती दर वेळी दुमडते.

भूल बहुधा कमरेत देतात. पाठ मांजरीसारखी गोल करून, हनुवटी छातीला टेकवून बसले की सुई लवकर लागते. पाय जड, गरम होतात. मळमळले तर लगेच सांगावे, रक्तदाब उतरल्याची ती खूण असते. दुखत नाही, पण ओढाताण जाणवते, ती जाणवणारच. साधारण १० मिनिटांत बाळ बाहेर येते, शिवायला अर्धा-पाऊण तास. नंतर थडथड कापरे भरते तेही नेहमीचे. या इंजेक्शनमुळे जन्मभर कंबर दुखते हा समज खोटा. मात्र बसल्यावर डोके ठणकते आणि आडवे झाल्यावर थांबते असे झाले तर ते अंगावर काढू नये, डॉक्टरांना सांगावे.

आता त्या दोन रात्री. लघवीची पिशवी खाटेच्या पातळीखाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. नळी मांडीखाली दबली की पिशवी रिकामी दिसते, मूत्राशय मात्र तुंबते. तासाभराने एकदा नळीवर नजर टाकावी. पॅड किती वेळात भिजतो हेही बघावे: तासाभरात पूर्ण भिजला, किंवा मोठ्या गाठी पडल्या, तर सिस्टर कितीही घाईत असो, तिला खाटेपाशी आणावेच.

पहिल्यांदा उठताना सरळ उठून बसणे ही सर्वांत मोठी चूक. गुडघे दुमडावे, कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावे आणि खालच्या हाताच्या कोपरावर जोर देऊन उठावे. खोकताना, शिंकताना उशी टाक्यांवर दाबून धरावी. पहिल्या दिवशीच चार पावले चाललेली बरी, पायात रक्त गोठत नाही आणि पोटातला वायू सुटतो. ‘पाणी दिले तर टाके पिकतात’ म्हणून बाळंतिणीला तहानलेले ठेवतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की पाणी, मग पेज, मग साधे जेवण. पाणी प्यायल्याने टाके पिकत नाहीत, टाक्यांवरच्या ओलाव्याने आणि अस्वच्छ हातांनी पिकतात.

दूध पहिल्या तासातच पाजायला घ्यावे. पिवळा चीक फेकायचा नाही, मध-घुटी द्यायची नाही. मांडीवर घेतले की बाळाचा भार टाक्यांवर येतो, म्हणून कुशीवर झोपून, किंवा बाळाचे पाय आपल्या काखेखालून मागे घेऊन पाजावे. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत मिळाले की नाही, हे स्वतः विचारून घ्यावे.

पिशवीत पुढून उघडणारे चार गाउन घ्यावेत. परकराची नाडी नेमकी टाक्यांवर बसते, म्हणून परकर नको. चड्डी बेंबीपर्यंत येणारी, सुती. जून ते सप्टेंबर बाळंतपण असेल तर लंगोट दुप्पट, कारण वॉर्डात काही वाळत नाही.

घरी आल्यावरही दमटपणाच शत्रू. पोटाच्या वळीखाली टाके लपलेले असतात. अंघोळीनंतर तिथे सुती कापड टेकवून कोरडे करावे, चोळू नये. हळद, तेल, धुरी टाक्यांपासून लांब. ताप, टाक्यांतून पू, घाण वासाचा स्राव, एकाच पोटरीला सूज, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी इस्पितळात जावे.

डिस्चार्जच्या घाईत कार्ड न वाचता निघू नये. सिझेर कशासाठी केले, गर्भाशयाला छेद कुठे घेतला, रक्त दिले का, हे त्यावर लिहिलेले हवे. पुढचे बाळंतपण नैसर्गिक होऊ शकेल का, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.