उद्यमनगरात बनलेलं चार चौकटींचं मधयंत्र: सातेरी मधमाशीला चालतं, पण जाळी बदलून घ्या

आजरा, चंदगड, राधानगरी, भुदरगड या पट्ट्यात जांभूळ मार्च-एप्रिलात फुलतो, त्याच्या मागोमाग हिरडा. वळवाचे दोन जोरदार पाऊस पडले की फुलातला मकरंद धुऊन जातो आणि हंगाम आटोपतो. तेवढ्यात मधुकोठी (पेटीतला मध साठवायचा कप्पा) पुन्हा पुन्हा भरून घ्यायची तर पोळं शाबूत राहायला हवं, कारण एक किलो मेणासाठी माश्या साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालतात. म्हणून पोळ्याच्या चौकटी गरगर फिरवून मध काढणाऱ्या यंत्रातून मध किती निघतो यापेक्षा पोळी किती धड बाहेर येतात, ते बघायचं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये ऑर्डरप्रमाणे बनणारं हे हाती यंत्र. पिंप, चौकटी धरून फिरणारा पिंजरा, तोटी सगळं ३०४ ग्रेड स्टीलचं. जस्ताचा मुलामा दिलेली यंत्रं स्वस्त पडतात. पण मध आम्लधर्मी, त्यात जस्त उतरतं. खाण्याच्या वस्तूत ही काटकसर नको. वेल्डिंग आतून घासून गुळगुळीत केलंय, बोट फिरवलं तर कुठे खाच लागत नाही. गिअरखाली छोटी स्टीलची वाटी बसवली आहे, त्यामुळे ग्रीस मधात टपकत नाही. हे काम एक नंबर. लेथ-फौंड्रीच्या गावात गिअर नाही जमला तर कुठे जमायचा!

घोळ पिंजऱ्यात आहे. तो मेलिफेरा या परदेशी मधमाशीच्या मोठ्या चौकटीच्या मापाचा. सातेरी या आपल्या देशी माशीच्या मधुकोठीची चौकट उथळ, शिशुकोठीच्या (अंडी-अळ्यांच्या कप्प्याच्या) चौकटीच्या निम्म्याच्या आसपास. ती या कप्प्यात डुगडुगते, वेग घेतला की तिरकी होते आणि पोळं लाकडी पट्टीपासून सुटतं. शिवाय जाळीची भोकं मोठी, त्यातून नवं पांढरं पोळं बाहेर फुगतं. ऑर्डर देताना आपली रिकामी चौकट सोबत न्या, तिच्या मापाचे टेकू आणि बारीक जाळी मागा. तोटीही तळापासून थोडी वर बसवली आहे. मध खाली साचतो आणि पिंजरा त्यात घासायला लागला की हँडल जड होतं. पिंपाच्या मागच्या बाजूला फळी सरकवून तोटीकडे उतार द्या.

पोळ्याचा किमान तीन-चतुर्थांश भाग मेणाने बंद झाल्याशिवाय चौकट काढू नका. सातेरीच्या मधात पाणी जास्त असतं आणि २० टक्क्यांच्या वर गेलं की मध आंबायची भीती. सुरी गरम पाण्यात बुडवा, पण पुसून घेऊनच मेण कापा. समोरासमोर सारख्या वजनाच्या चौकटी लावा, नाहीतर यंत्र नाचतं. चौकट उभी, तिची खालची पट्टी फिरण्याच्या दिशेला पुढे; पोळ्यातल्या घरांचा कल वरच्या पट्टीकडे असतो, त्यामुळे मध सहज सुटतो. पहिली बाजू हळू फिरवून निम्मी काढा, मग उलटून दुसरी पूर्ण, मग परत पहिली. पहिलीच बाजू एका दमात रिकामी केली तर आतल्या भरलेल्या बाजूचं वजन पोळं जाळीवर दाबतं आणि चिरतं. एप्रिलच्या दुपारी मेण मऊ पडतं, म्हणून सकाळी काम उरका, आणि बंद खोलीत. उघड्यावर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटालूट करायला येतात. रिकामी पोळी त्याच संध्याकाळी पेटीत परत. शिशुकोठीतली चौकट मात्र यंत्रात घालू नका: अळ्या मधात येतात, आणि पावसाळ्याची शिदोरीही जाते.

दोन-तीन पेट्या असणाऱ्यांनी हे घेऊ नये, शेजाऱ्याचं मागून आणावं. दहाच्या पुढे असतील तर जाळी बदलून जरूर घ्या. धुताना आधी गार पाणी. थेट गरम ओतलं तर मेण वितळून जाळीच्या भोकांत बसतं, मग ब्रशनेही निघत नाही.