अमोनियम प्रोब : आलेखावर भरवसा, आकड्यावर नाही

आमच्या सांडपाणी प्रकल्पात, हवा सोडतात त्या एरेशन टाकीत, अमोनियम (अमोनियाचं पाण्यातलं आयनरूप) मोजणारा आयन-सिलेक्टिव्ह प्रोब, म्हणजे ठरावीक आयन ओळखणारा सेन्सर, आम्ही ब्लोअरच्या (हवा फुंकणाऱ्या यंत्राच्या) कंट्रोलला जोडलाय. मी शिफ्टवाला माणूस, तेव्हा हे मत पॅनलसमोर बसणाऱ्याचं.

आधी नुसत्या डीओवर (पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर) चालायचं. डीओ लिटरला २ मिग्रॅवर धरला की पहाटे लोड उतरला, अमोनिया संपला, तरी ब्लोअर आपला डीओ राखत बसायचा. १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साधारण ४.५७ मिग्रॅ ऑक्सिजन लागतो, पण अमोनियाच उरला नसेल तर हवा कुणासाठी? वीज जाते ते सोडा. हा उरलेला ऑक्सिजन रिसायकलच्या पाण्याबरोबर अ‍ॅनॉक्सिक टाकीत जातो, जिथे हवा न देता जिवाणूंकडून नायट्रेट मोडून घ्यायचा असतो. आयता ऑक्सिजन मिळाल्यावर जिवाणू नायट्रेटला कशाला तोंड लावतील? सांडपाण्यातला कार्बन तिथेच जळतो आणि आउटलेटचा नायट्रेट चढतो. प्रोब आल्यावर हवा अमोनियाच्या मागोमाग वरखाली होते. पैसे वसूल झाले ते इथे.

आता कटकटी. पोटॅशियमचा आयन अमोनियमच्याच अंगाचा, इलेक्ट्रोड दोघांत गल्लत करतो. पोटॅशियम भरपाईचा वेगळा इलेक्ट्रोड असलेलंच मॉडेल घ्या. पुरवठादाराचा माणूस स्टँडर्ड सोल्युशनमध्ये बुडवून ‘ओके’ लिहून गेला. टाकीत सोडल्यावर लॅबशी मेळ नाही. टाकीतलंच सॅम्पल काढायचं, जागेवर फिल्टर करायचं (नाहीतर बाटलीतही नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होणं, चालूच राहतं) आणि लॅबचा आकडा आला की तो प्रोबला द्यायचा. मेम्ब्रेनवर तपकिरी बुळबुळीत थर धरतो. कॉम्प्रेस्ड एअरची सफाई जोडून घ्या, तरी अधूनमधून वर काढून मऊ कापडाने पुसावं लागतंच. ब्रश अजिबात नको.

१ मिग्रॅच्या खाली दाखवलेल्या आकड्यावर मी विसंबत नाही, म्हणून सेटपॉइंट (कंट्रोलने राखायचा अमोनियाचा आकडा) थोडा वरच ठेवलाय. आणि अमोनिया कितीही उतरो, स्लज (जिवाणूंचा गाळ) तळाला बसणार नाही एवढी किमान हवा प्रोग्राममध्ये बांधून घ्या. हे आम्हाला सांगून मागावं लागलं.

पाचपैकी साडेतीन. लॅबमध्ये नियमित अमोनिया काढणारं कोणी नसेल तर मात्र याच्या वाटेला जाऊ नका, चांगला डीओ प्रोबच बरा.