हिरव्या कप्प्यातील रक्षक : गंगावेशीजवळच्या कॉमिक्सच्या एका दुकानाविषयी

कोल्हापुरात गंगावेशीतून पंचगंगा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका बोळात जेमतेम दहा फूट रुंदीचे, जुन्या पुस्तकांचे आणि कॉमिक्सचे एक दुकान आहे. मालकांना प्रसिद्धीची हौस नाही, त्यामुळे नाव येथे देत नाही. सातवीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याला शाळेतून ‘पर्यावरणाचे रक्षण करणारे सुपरहिरो’ असा प्रकल्प मिळाला आणि त्या निमित्ताने गेल्या दोन महिन्यांत मी या दुकानात पाच वेळा गेलो, तीन पुस्तके विकत घेतली आणि अकरा अंक भाड्याने आणले. पुढील मत त्या अनुभवावर आधारलेले आहे.

दुकानाचे वेगळेपण सर्वांत खालच्या दोन फळ्यांत आहे. बाकीची पुस्तके जागा मिळेल तशी रचलेली असली, तरी या दोन फळ्यांना मालकांनी हिरवा ऑइलपेंट दिला आहे आणि कडेवर खडूने ‘जंगल, पाणी, जनावरं’ असे लिहिले आहे. प्रकाशक, भाषा, साल यांपैकी कशाचाही विचार न करता, ज्या नायकाचे भांडण जमिनीसाठी, पाण्यासाठी किंवा मुक्या प्राण्यांसाठी आहे तो येथे, असा त्यांचा साधा हिशेब आहे. ग्रंथालयशास्त्राच्या दृष्टीने हा गोंधळच ठरेल; वाचकाच्या दृष्टीने मात्र यामुळे मराठी इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ (मूळचा ‘फँटम’) आणि अमेरिकेतील दलदलीतून उठलेला स्वॅम्प थिंग एकमेकांना खेटून बसतात, आणि तशी तुलना करण्याची बुद्धी एरवी आपल्याला झाली नसती.

वेताळाचे अंक येथे भरपूर आहेत. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला हा नायक १९६४ पासून इंद्रजालच्या रूपाने आपल्याकडे आला, मराठीतही आला, आणि १९९० मध्ये ती मालिका बंद पडेपर्यंत दोन पिढ्यांनी त्याची पारायणे केली. त्याच्या जंगलातील ईडन बेटावर वाघ, सिंह आणि हरणे एकत्र नांदतात, कारण तेथील हिंस्र प्राण्यांना लहानपणापासून मासे खाण्याची सवय लावलेली असते. लहानपणी ही कल्पना मला विलक्षण वाटली होती. आता वाचताना जाणवते की वेताळ जंगल राखतो ते आपल्या घराच्या अंगणासारखे, सारे काही आपल्या शिस्तीत बसवून. आपल्या जिल्ह्यातील राधानगरीचे जंगल १९५८ साली राज्यातील पहिले अभयारण्य झाले. तेथील गवा उसात उतरतो तेव्हा त्याला दुसरे काही खायला शिकवता येत नाही, हे कोल्हापूरच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

मी विकत घेतलेल्या एका इंद्रजालविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ऑगस्ट २०१९च्या पुरात या दुकानात पाणी शिरले होते आणि आतल्या भिंतीवर त्या पाण्याची तपकिरी रेघ अजून दिसते. भिजलेले अंक मालकांनी रद्दीत न घालता पंख्याखाली पान पान सुटे करून वाळवले आणि ‘पुरातले’ अशी चिठ्ठी लावून निम्म्या किमतीला ठेवले. माझ्या अंकाच्या प्रत्येक पानावर खालून चार बोटे अंतरावर तशीच एक रेघ आहे. ती वेताळाच्या कमरेवरून, पुढच्या चौकटीत त्याच्या घोड्याच्या पोटावरून आणि शेवटच्या पानावर नुसत्या आभाळातून जाते. पान उलटताना बोटांना गाळाची बारीक कचकच लागते. शंभर रुपयांत असा ऐवज दुसरीकडे मिळणार नाही, म्हणून निर्मळ प्रत शेजारी असूनही मी हीच उचलली.

विकत घेतलेले दुसरे पुस्तक म्हणजे स्वॅम्प थिंगच्या जुन्या अंकांचा एक संग्रह, आणि या कप्प्यातील सर्वांत मोलाचे साहित्य हेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. लेन वीन आणि बर्नी राइटसन यांनी १९७१ साली हे पात्र निर्माण केले. प्रयोगशाळेतील स्फोटात होरपळून दलदलीत पडलेला शास्त्रज्ञ झाडपाल्याचा राक्षस होतो, एवढीच तेव्हाची कल्पना होती. १९८४ मध्ये ॲलन मूर यांनी लेखन हाती घेतल्यावर लगेचच ती उलटी केली : हा वनस्पती झालेला माणूस नव्हे, माणूस तर केव्हाच मेला आणि त्याच्या आठवणी शोषून घेतल्यामुळे वनस्पतीलाच आपण माणूस असल्याचा भास होत राहिला. त्यानंतर येणारा वुडरू हा खलनायक झाडांच्या वतीने सूड उगवू पाहतो. वनस्पतींकरवी हवेतील प्राणवायू बेसुमार वाढवून माणसासकट सारी प्राणिसृष्टी संपवण्याचा त्याचा बेत असतो. त्याला अडवताना स्वॅम्प थिंग मुष्टियुद्ध करीत बसत नाही. प्राणी उरले नाहीत तर त्या प्राणवायूचे रूपांतर पुन्हा झाडांना लागणाऱ्या वायूत कोण करणार, एवढेच तो विचारतो आणि वुडरूचा पाया डळमळतो. पाचवीच्या विज्ञानातील धडा एखाद्या गोष्टीचा कळस होऊ शकतो, हे मी प्रथमच पाहिले. ही पाने भयकथेच्या अंगाने जातात, त्यामुळे लहान मुलांच्या हाती ती देऊ नयेत. भाच्याला मी यातील कथा तोंडी सांगितली.

त्याच्यासाठी घेतले ते कॅप्टन प्लॅनेट. १९९० च्या दूरचित्रवाणी मालिकेवरून मार्व्हलने १९९१-९२ मध्ये बारा अंक काढले होते, त्यांपैकी चार येथे भाड्याने मिळतात. पाच देशांतील पाच मुले पृथ्वी, अग्नी, वायू, जल आणि हृदय यांच्या अंगठ्या एकत्र आणतात आणि निळ्या कांतीचा, हिरव्या केसांचा वीर प्रकटतो. चित्रे भडक आहेत आणि उपदेश फार आहे, पण मुले रमतात. प्रदूषणाचा स्पर्श झाला की या वीराची शक्ती ओसरते, हे वाचून भाच्याने गल्ल्यासमोरच विचारले, “मामा, मग ह्यो आपल्या पंचगंगेत पडला तर?” मालक हसून म्हणाले, “वर काढायला आपल्यालाच जावं लागंल की.”

या मालिकेचा कच्चा दुवा त्या प्रश्नातच आहे. तिच्यातील हॉगिश ग्रीडली हा खलनायक चक्क डुकराच्या तोंडवळ्याचा आहे, म्हणजे दोषी कोण ते पहिल्याच चौकटीत कळते. पंचगंगेत जलपर्णी फोफावते किंवा मेलेले मासे तरंगतात, तेव्हा असा एकच चेहरा बोट दाखवायला सापडत नाही. शहराचे नाले असतात, उद्योगांचे रसायनमिश्रित पाणी असते आणि पुलावरून निर्माल्याची पिशवी भिरकावणारे आपलेच हात असतात. याबाबतीत पॉइझन आयव्ही अधिक प्रामाणिक वाटते. १९६६ साली बॅटमनच्या विरोधात एक साधी गुन्हेगार म्हणून आलेली ही बाई पुढे झाडांसाठी माणसांच्या जिवावर उठते, आणि वाचकाला तिचा राग येतो तितकेच तिचे म्हणणे पटतेही. दुर्दैवाने तिचा येथे एकच अंक आहे आणि तोही मुखपृष्ठाविना.

समुद्राच्या बाजूला १९३९चा नेमोर आणि १९४१चा ॲक्वामॅन आहेत, परंतु मिळालेले अंक कारस्थाने आणि मारामाऱ्यांचेच निघाले. हिंदीतील राज कॉमिक्सचा साठा मात्र चांगला आहे. आसामच्या जंगलाचा रक्षक भेडिया आणि अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव ही त्यातील ठळक नावे. १९८७ मध्ये आलेल्या ध्रुवकडे कसलीही दैवी शक्ती नाही. सर्कशीत वाढल्यामुळे त्याला पशुपक्ष्यांची भाषा समजते, इतकेच. भाच्याने प्रकल्पासाठी अखेर त्यालाच निवडले आणि ती निवड मला योग्य वाटली. टिंकलमधील शिकारी शंभूला या फळीवर बसवणे हा मालकांचा विनोद असावा, डोळ्यांवर टोपी ओढलेला तो भित्रा गृहस्थ कोणत्या अर्थाने रक्षक ठरतो, असे विचारल्यावर उत्तर आले, “कुणाला मारत न्हाई, ते काय कमी हाय?”

सेवेविषयी मात्र काही तक्रारी आहेत. भाडे अंकामागे आठवड्याला पंधरा रुपये आहे, ते वाजवी. पण अनामत रकमेची पावती मिळत नाही, सगळा हिशेब एका वहीत आणि मालकांच्या स्मरणात असतो. साडेचारशे रुपयांना घेतलेल्या माझ्या तिसऱ्या पुस्तकात मधली सोळा पाने नव्हती. दुसऱ्या दिवशी परत नेल्यावर त्यांनी वाद न घालता ते बदलून दिले. पैसे परत करण्यास मात्र नकार दिला आणि बदली म्हणून मिळालेला अंक माझ्या फारशा उपयोगाचा नव्हता. घेण्यापूर्वी पाने मोजावीत, हे बरे. पर्यावरणाच्या कैवाऱ्यांचा प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलेला पाहून मी टोकले, तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, “आपला पाऊस बघितलासा न्हवं? ही काढली की आठ दिवसांत बुरशी येतीय.” पुरातून अंक वाचवलेल्या माणसाशी याहून अधिक वाद घालणे मला जमले नाही. पिशवी दुकानातच परत दिली तर ते ती पुन्हा वापरतात, तेव्हा घरून कापडी पिशवी न्यावी.

दुकान दुपारी एक ते चार बंद असते आणि सोमवारी सुट्टी असते. हिरवा कप्पा बघायचा असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर जाऊ नये. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की मालक सर्वांत आधी खालच्या दोन फळ्या रिकाम्या करून ते अंक माळ्यावर चढवतात, आणि गणपती उरकेपर्यंत वेताळ काही खाली उतरत नाही.