मॅजिक स्पंज: स्विचबोर्ड चकाचक, गॅसमागच्या टाइल्सवर फुस्स

ते पांढरे ठोकळे मिळतात ना ऑनलाइन, साबण नको काही नको नुसतं पाण्यात बुडवा आणि पुसा म्हणतात, ते मागवले. आधी चांगलं सांगते. हॉलमधले स्विचबोर्ड हात लागून लागून काळपट झालेले, मेन बंद केला, स्पंज घट्ट दाबून पाणी काढलं आणि फिरवला तर एकदम नव्यासारखे! बुटांच्या पांढऱ्या सोललाही एक नंबर. पोराने भिंतीवर तेलखडूने केलेले उद्योगही निघाले, पण आमचा रंग वॉशेबल आहे, साध्या डिस्टेंपरवर जोर लावाल तर डागासोबत रंगही येईल.

बाकी जादूबिदू काही नाही हो. हा मेलामाइनचा फोम, स्टुडिओत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावतात त्यातलाच. हाताला मऊ लागतो पण आतली जाळी कडक असते, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपरच समजा. तो डाग विरघळवत नाही, खरवडतो, आणि घासता घासता स्वतःपण खोडरबरसारखा झिजतो. बादलीत जो पांढरा चुरा दिसतो तो प्लॅस्टिकचाच, म्हणून जेवणाच्या भांड्यांना मी तरी लावणार नाही.

आणि म्हणूनच चकचकीत कशावरही नको, गाडीचा पेंट, टीव्हीचा स्क्रीन, ग्लॉसी सनमायका, सगळ्याची चमक जाते. विकणाऱ्याने फोटोत मात्र बाई चक्क नॉनस्टिक तवा घासताना दाखवलीय, काय बोलणार 🙄

गॅसमागच्या टाइल्सवर फोडणीचं चिकट बसलेलं असतं तिथे तर पैसे वाया, तेल स्पंजमध्येच भरतं आणि मग तोच चिकटा सगळीकडे फिरतो. तिथे गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विडच लागतं. बोअरच्या पाण्याचे नळावरचे पांढरे थरही याने धड जात नाहीत, ते क्षार, त्याला व्हिनेगर नाहीतर लिंबू. कामाला येणाऱ्या मावशींनी तर एकदा दाबून बघितला, "हे काय पावासारखं" म्हणाल्या आणि आपली तारेची घासणी उचलली.

घेणार असाल तर दाट बघून घ्या, हलका पोकळ माल लगेच फाटतो. आणि अख्खा वापरू नका, सुरीने तुकडे करा, पिरगळू नका, दोन तळहातांमध्ये दाबूनच पाणी काढा.