कॅप्सूल एंडोस्कोपी: लहान आतड्यासाठी खरंच कामाची तपासणी, पण सगळं हिच्यावर सोडू नका

आईचं हिमोग्लोबिन सारखं कमी यायचं, गॅस्ट्रोस्कोपी नॉर्मल, कोलोनोस्कोपी पण नॉर्मल, मग डॉक्टरांनी ही कॅप्सूल, म्हणजे गिळायची कॅमेऱ्याची गोळी, सुचवली. लहान आतडं साधारण 6 मीटर लांब, वरून आणि खालून घातलेली दुर्बीण मधल्या बहुतेक भागापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिथली साधी (कॅन्सर नसलेली) गाठ, म्हणजे लायपोमा, अ‍ॅडिनोमा, लिओमायोमा वगैरे, वर्षानुवर्षं लपून राहू शकते आणि कळते ती रक्त कमी झालं किंवा आतड्यात आतडं अडकून पोट दुखायला लागलं की.

अनुभव छान! साधारण अडीच सेंटीमीटरची गोळी पाण्याबरोबर गिळायची, भूल नाही, दुखणं नाही, कमरेला रेकॉर्डर बांधून 8 ते 12 तास फोटो निघत राहतात. पोट साफ करायचं औषध मात्र नकोसं होतं, त्याला इलाज नाही.

आता कमी काय ते पण सांगते. तपासायला गाठीचा तुकडा काढता येत नाही, त्यामुळे गाठ दिसली तरी ती साधीच आहे हे नक्की ठरत नाही, त्यासाठी बलून एंटरोस्कोपी (फुग्याच्या मदतीनं लहान आतड्यात खोलवर नेलेली दुर्बीण) नाहीतर ऑपरेशन लागतं. आतड्याच्या भिंतीच्या आतली गाठ कधीकधी नजरेतून सुटते, तिथे सीटी एंटरोग्राफी (लहान आतड्याचा खास सीटी स्कॅन) जास्त उपयोगी, लायपोमातली चरबी तर सीटीत सरळ ओळखू येते. आणि आतडं कुठे अरुंद असेल तर कॅप्सूल अडकू शकते, म्हणून आधीची ऑपरेशनं, पोटात येणाऱ्या कळा सगळं डॉक्टरांना सांगाच, आणि ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय अजिबात नको.