पंखा घोंघावतोय: एक्स्टेंशन काढायचं, स्कॅन करायचं की सरळ फॉरमॅट मारायचा?

मे महिन्यात सोलापुरात कॉम्प्युटर तापला तर कुणाला संशय येत नाही. मामांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि ऑफिसात चार कॉम्प्युटर. चारही दिवसभर घोंघावत होते. मामांचं निदान तयार होतं: "बाहेर ऊन बघ की. माणसं भाजून निघालीत, मशीनचं काय घेऊन बसलास?"

आधी मलाही ते पटलं. ब्लोअर आणून चारही डबे उघडले, तर पंख्यांतून मूठ-मूठभर कापसाचे तंतू निघाले. लूमशेजारच्या ऑफिसात दुसरं काय निघणार! बिलिंगचा कॉम्प्युटर तेवढ्यानेच शांत झाला. त्यामुळे पहिला सल्ला फुकटचा: व्हायरसच्या मागे लागण्याआधी पंखा साफ करा. उरलेले तीन मात्र रात्री दहा वाजता, कुणी हातही लावत नसताना, तसेच ओरडत होते. मग संशय आला: कुणी आमच्या प्रोसेसरवर चोरून क्रिप्टो तर खणत नाही ना? नवी पेठेतून आलेला दुरुस्तीवाला म्हणाला, तिन्हींना फॉरमॅट मारू आणि वर अँटिव्हायरसचा डबा घ्या. सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, पण तिघांना एकच औषध होतं. आणि तिघांचं दुखणं वेगवेगळं निघालं.

चोरी कशाची होते

क्रिप्टो म्हणजे बिटकॉइनसारखं डिजिटल चलन. प्रोसेसरला सतत गणितं करायला लावून ते मिळवणं म्हणजे खणणं किंवा मायनिंग, आणि तसा प्रोग्रॅम म्हणजे मायनर. दुसऱ्याच्या यंत्रावर चोरून खणणारे बहुतेक मोनेरो नावाचं चलन खणतात. बिटकॉइनला आता खास त्यासाठी बनवलेली यंत्रं लागतात, आपल्या डेस्कटॉपवर त्यातून काही निघत नाही. मोनेरोने मात्र 30 नोव्हेंबर 2019 पासून रँडमएक्स नावाची पद्धत घेतली, आणि ती साध्या प्रोसेसरलाच झुकतं माप देते. खणणारा प्रोग्रॅम बऱ्याचदा एक्सएमरिग असतो. तो मुळात खुला, कायदेशीर प्रोग्रॅम आहे. चोर फक्त तो तुमच्या घरात लपवून चालवतो.

पूर्ण जोराने चालणारा साधा डेस्कटॉप रिकामा असतानापेक्षा 75 वॉट जास्त ओढतो असं धरा. 24 तासांचे 1.8 युनिट, महिन्याचे 54. युनिटला दहा रुपये धरले तर एका यंत्रामागे 540 रुपये महिना. आता चोराची बाजू बघा. स्मॉमिनरू नावाच्या बॉटनेटने, म्हणजे चोराच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्रांच्या टोळीने, मे 2017 पासून जानेवारी 2018 पर्यंत 5,26,000 हून जास्त विंडोज यंत्रं बळकावली. सर्वात जास्त रशिया, भारत आणि तैवानमधली. त्यातून सुमारे 8,900 मोनेरो निघाले, तेव्हाच्या भावाने जास्तीत जास्त 36 लाख डॉलर. यंत्रामागे सात डॉलरही नाहीत. म्हणजे आठ-नऊ महिन्यांत चोराला यंत्रामागे मिळाले साडेचारशे रुपयांच्या आत, आणि तुमच्या मीटरवर तेवढे एका महिन्यात चढतात. हा आकडा ऐकल्यावर मामा पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले.

आधी चोर कुठे बसलाय ते बघा

ब्राउझर पूर्ण बंद करा. नुसती खिडकी मिटून चालत नाही. क्रोम खाली घड्याळाजवळ जागा राहतो, तिथूनही बाहेर काढा. दोन मिनिटांत पंखा शांत झाला तर चोर टॅबमध्ये नाहीतर एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, आहे. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणतं एक्स्टेंशन किती प्रोसेसर खातंय ते नावानिशी दिसतं.

ब्राउझर बंद करूनही आवाज तसाच राहिला तर चोर विंडोजमध्ये आहे. इथे एक गंमत: विंडोजचा टास्क मॅनेजर उघडताच काही मायनर दबा धरून बसतात. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर हेच चाललं होतं. मॅनेजर उघडला की पंखा मंदावायचा, बंद केला की पुन्हा घरघर. पडद्यावर काहीच सापडत नव्हतं, कानाला सगळं कळत होतं.

एक्स्टेंशन हाताने काढणं

मामांचा स्वतःचा कॉम्प्युटर याच जातीचा निघाला. व्हिडिओ उतरवून घ्यायला टाकलेलं एक्स्टेंशन. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं, आणि एवढ्या दुखण्याला याहून मोठा इलाज करणं म्हणजे ढेकूण मारायला घर जाळणं.

या प्रकाराचा इतिहास छोटा आहे. सप्टेंबर 2017 मध्ये कॉइनहाइव्ह आलं. संकेतस्थळावर त्याची स्क्रिप्ट टाकली की वाचकाच्या प्रोसेसरवर मोनेरो निघायचं आणि 30 टक्के कॉइनहाइव्हकडे जायचे. आंध्र प्रदेशातल्या काही सरकारी संकेतस्थळांवरही 2018 मध्ये ती स्क्रिप्ट सापडली होती. त्याच सुमारास एक्स्टेंशनमध्येही ती घुसली. आर्काइव्ह पोस्टर नावाचं, लाखावर लोक वापरत असलेलं एक्स्टेंशन डिसेंबर 2017 मध्ये गुपचूप खाणकाम करताना पकडलं गेलं. एप्रिल 2018 मध्ये गूगलने आपल्या दुकानात मायनिंगच्या एक्स्टेंशनांना बंदी केली, 8 मार्च 2019 ला कॉइनहाइव्हही बंद पडलं. त्यामुळे आज एक्स्टेंशनमधून खाणकाम कमी, जाहिराती घुसवणं आणि माहिती चोरणं जास्त. चांगलं एक्स्टेंशन विकलं जातं आणि नवा मालक ते बिघडवतो, हाही धंदा आहे. द ग्रेट सस्पेंडर 2020 मध्ये असंच दुसऱ्याच्या हाती गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते काढून टाकलं. तेव्हा "मी तर चांगलंच टाकलं होतं" याला फारसा अर्थ नाही.

काढायचं बटणच फिकट झालं असेल आणि क्रोम "हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहे" अशा अर्थाचं काही सांगत असेल, पण तुमची अशी कुठली संस्था नसेल, तर कुणीतरी विंडोजमध्ये धोरण बसवून ते एक्स्टेंशन खिळ्याने ठोकलंय. मग हाताचं काम संपलं, स्कॅनर लागणार.

उलट बाजूने, एक्स्टेंशन टाकून व्हायरस काढता येईल का, असं बरेच विचारतात. नाही. एक्स्टेंशनला ब्राउझरच्या भिंतीपलीकडचं दिसत नाही, तुमची डिस्क तर नाहीच नाही. जाहिराती अडवणारं चांगलं एक्स्टेंशन खाणकामाच्या स्क्रिप्ट आत येऊ देत नाही, एवढाच त्याचा उपयोग, पण तो खरा आहे. त्यातलं यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीचं हवं तर फायरफॉक्स घ्या. क्रोमच्या नव्या नियमांत त्याची लाइट आवृत्तीच चालते.

डिफेंडर, फुकट स्कॅनर आणि विकतचा डबा

विंडोजमधला चोर काढायचा तर पहिली पसंती मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचीच, कारण विंडोजचा हा स्वतःचा अँटिव्हायरस आधीच घरात आहे. त्याचं ऑफलाइन स्कॅन लोकांना माहीत नसतं. कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांत. दबा धरून बसलेला मायनर तेव्हा चालूच नसतो.

पण त्याआधी डिफेंडरची सूट दिलेल्या फोल्डरांची यादी बघा. मायनर स्वतःचं फोल्डर, कधी कधी अख्खा सी ड्राइव्ह, त्या यादीत घालून ठेवतात. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर तेच झालेलं. विंडोज फुकटात 'ॲक्टिव्हेट' करणारी फाइल कुणीतरी चालवली होती आणि तिच्याबरोबरच्या सूचनेप्रमाणे आधी डिफेंडर बंद केला होता. चोराला किल्ली देऊन वर कुत्रा बांधून ठेवण्यातला प्रकार! नको असलेले ॲप अडवण्याची सोयही चालू आहे ना ते पाहा. एक्सएमरिगसारखा प्रोग्रॅम बऱ्याचदा व्हायरस म्हणून नाही, 'नकोसा' म्हणून पकडला जातो.

डिफेंडरवर पूर्ण विसंबू नये याचंही कारण आहे. जून 2021 मध्ये उघड झालेला क्रॅकोनॉश क्रॅक केलेल्या गेमांतून पसरला. तो विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून डिफेंडर उडवायचा आणि त्याच्या जागी हिरव्या बरोबरच्या खुणेचं खोटं चिन्ह लावायचा. 2,22,000 हून अधिक यंत्रांवर तो सापडला. चिन्ह हिरवं म्हणून निर्धास्त राहू नका. दुसरं मत घ्यायला मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती पुरते. ब्राउझरमध्ये ठोकलेली घाण काढायला त्यांचाच अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर हलका, इन्स्टॉलही करावा लागत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी 2017 पासून आहे, तिथली बॉट काढायची साधनंही फुकट मिळतात. रोजच्या पहाऱ्याला ती नाहीत, साफसफाईला आहेत.

मग विकतचा अँटिव्हायरस कुणी घ्यावा? जिथे कॉम्प्युटर पाच जण वापरतात, कुणीही पेनड्राइव्ह खुपसतं आणि अपडेटकडे बघायला माणूस नाही, तिथे घ्यावा. क्विक हील पुण्याचं, सोलापुरात सहज मिळतं, दुकानदार येऊन टाकूनही देतो. घरी एकट्याने वापरायच्या अपडेटेड विंडोजसाठी मी तरी पैसे घालणार नाही. आणि पैसे दिले म्हणजे सगळं निर्मळ असंही नाही. नॉर्टनने 2021 मध्ये आपल्या अँटिव्हायरसमध्येच इथेरियम हे दुसरं क्रिप्टो खणायची सोय दिली होती, ग्राहकाच्या परवानगीने खरी, पण कमाईतले 15 टक्के स्वतःला ठेवून. खाणकाम थांबवायला विकत घ्यायचं आणि त्यातच खाणकाम!

फॉरमॅट

फॉरमॅटने विंडोजमधला चोर जवळजवळ नक्की जातो. पण तो तीन वाटांनी परत येतो.

पहिली वाट क्रोमचं सिंक. नवं विंडोज टाकून जुन्या खात्याने लॉगिन केलं की एक्स्टेंशनं आपोआप उतरतात. मामांचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला असता तर संध्याकाळपर्यंत तेच एक्स्टेंशन तिथेच बसलं असतं. दुसरी वाट 'सॉफ्टवेअर' नावाचं फोल्डर, ज्याचा बॅकअप घेतला जातो आणि ज्यात ती ॲक्टिव्हेटची फाइलही असते. तिसरी शेजारचा कॉम्प्युटर, आणि बॉटनेटमध्ये हीच मुख्य. स्मॉमिनरू इटर्नलब्लू नावाच्या हत्याराने विंडोजमधल्या एका फटीतून एका यंत्रावरून दुसऱ्यावर उडी मारायचा. ती फट बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच दिला होता. तरी ऑगस्ट 2019 मध्ये त्याने 90,000 यंत्रं धरली, त्यातली चारातली एक साफ करूनही पुन्हा लागण झालेली, आणि 85 टक्के विंडोज 7 किंवा सर्व्हर 2008 वरची. म्हणून एक-एक करून फॉरमॅट मारू नका. आधी सगळ्यांच्या लॅनच्या वायरी काढा, सगळे साफ करा, मग जोडा.

फॉरमॅट मी कुठे निवडला? हिशेबाच्या कॉम्प्युटरवर. स्कॅननंतर तो शांत झाला होता, पण त्यावरून बँक आणि जीएसटी चालतं. वीज चोरायला जो आत आला त्याने पासवर्ड चाळले नसतील याची खात्री कोण देणार? डेटा तेवढा उचलला, विकतचं विंडोज टाकलं, आणि पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदलले. फक्त जाहिराती उडवणाऱ्या घरच्या मशीनवर मी एवढं केलं नसतं.

आणि जिथे मला फॉरमॅट हवा होता तिथे तो करता आला नाही. डिझाइनचा कॉम्प्युटर विंडोज 7 वर आहे, जॅकार्डचं, म्हणजे विणीतल्या नक्षीचं, सॉफ्टवेअर डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) लावून चालतं, आणि डोंगलच्या ड्रायव्हरची सीडी कुठल्या कपाटात गेली देव जाणे. "त्याला हात लावलास तर जानेवारीतल्या गड्डा जत्रेपर्यंत नवी डिझाइन निघणार नाही," मामांनी बजावलं. मग बूट होणाऱ्या पेनड्राइव्हवरून स्कॅन केलं, 2017 चा पॅच टाकला, लॅनची वायर काढून टेबलाखाली गुंडाळून ठेवली. आता डिझाइन पेनड्राइव्हवर जाते, आधी बिलिंगच्या कॉम्प्युटरवर तपासून. डिझायनरला दिवसातून चार चकरा पडतात आणि तो माझ्या नावाने रोज शंख करतो. पंखा मात्र आता फक्त दुपारी, लोडशेडिंगनंतर लाइट आली की, थोडा वेळ ओरडतो.