दीर्घकथा दिवाळी अंकाला द्यावी की ॲपवर क्रमशः लिहावी?

तुमच्याकडे १५-२० हजार शब्दांची गोष्ट आहे असं धरून चालतो. कथा म्हणून लांब, कादंबरी म्हणून आखूड. अशा मजकुरासाठी आज मराठीत मुख्यतः तीन वाटा दिसतात : दिवाळी अंक, ॲपवरची कथामालिका आणि ऑडिओ. तिन्हींवर मी थोडंफार चाललोय, त्यातल्या पहिल्या दोन्हींवर जास्त. म्हणून बोलतो ते माझ्यापुरतं.

कथामालिका म्हणजे मोबाइलने आणलेलं खूळ, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून थोड्याथोड्या करून वाचकांना दिल्या. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक आला तो १९०९ साली. वयाने पाहिलं तर मालिकाच थोरली. प्रतिष्ठेच्या तराजूत हे दोन प्रकार तोलू नयेत. लिहिताना आपल्या हाताला काय होतं, ते पाहावं.

माझी पहिली मोठी गोष्ट मी ॲपवर लिहिली. कोकणातल्या एका खाडीवरची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, ती चालवणारा आबा, आणि वर चढत जाणारा पूल. दर शनिवारी एक भाग, असे १४ भाग. मालिकेने मला बैठक दिली, हे आधी सांगायला हवं. तोवर माझ्याकडे अर्धवट वह्याच होत्या. कोणीतरी शनिवारी रात्री वाट पाहतंय, या एका गोष्टीने माझ्याकडून शेवटचं पान लिहून घेतलं. वाचकही जागे असतात. अमावास्येच्या दुपारी ओहोटी दाखवून मी ती होडी गाळात रुतवली होती. दुसऱ्याच दिवशी एका वाचकाने लिहिलं, ‘आमच्याकडे अमावास्येला दुपारच्या सुमाराला भरती असते हो.’ अगदी बरोबर होतं त्यांचं. छापील अंकात ही चूक तशीच राहिली असती.

मग अडलं कुठे? नवव्या भागात. तो लिहिताना माझ्या लक्षात आलं की गोष्ट आबाची नाहीच, त्याच्या विधवा बहिणीची आहे. आक्का. धक्क्यावर चहा करणारी, तरीच्या उधारीची वही सांभाळणारी. कोण कधी पलीकडे गेलं आणि कोण परत आलंच नाही, हे त्या वहीत होतं. आक्का पहिल्या पानापासून हवी होती, आणि पहिलं पान तर दोन महिन्यांपूर्वीच वाचलं गेलं होतं.

जुना भाग बदलता येतो. मी बदलला, पहिल्या आणि तिसऱ्या भागात आक्काला आणून बसवलं. पण वाचलेला भाग पुन्हा कोण उघडतो? दहाव्या भागाखाली प्रश्न आला, ‘या आक्का कोण? आधी नव्हत्या ना?’ मग चार ओळींचा खुलासा घालावा लागला. ते ठिगळ आजही तिथे आहे, आणि ती गोष्ट उघडली की माझी नजर आधी तिथेच जाते.

याला जोडूनच भागाच्या शेपटाची गोष्ट. वाचकाने पुढच्या शनिवारी यावं म्हणून भाग कुठेतरी अडकवून सोडावा लागतो. पाच-सहा भागांनंतर हाताला ते वळणच पडलं. कोणीतरी दार वाजवतं, पत्र येतं, काळोखात पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज होतो. आबाच्या आयुष्यात मात्र दिवसचे दिवस काहीच घडत नव्हतं. पलीकडच्या काठावरून कोणी हाक मारतंय का, एवढंच तो ऐकत बसायचा. तो रिकामेपणा मला लिहायचा होता आणि दर आठवड्याला मीच तो मोडत होतो. ज्यांची गोष्ट मुळातच घटनांवर धावते, रहस्य म्हणा किंवा भय, त्यांना हा जाच कदाचित होणारही नाही.

दुसरी गोष्ट मी दिवाळी अंकासाठी लिहिली. जूनमध्ये पाठवायची होती. मार्चमध्ये, चौथ्या खर्ड्याला, मी निवेदकच बदलला. सुरुवातीची सहा पानं काढून टाकली आणि ती कधी होती हे कोणालाही कळलं नाही. केवढं सुख आहे ते! संपादकांनी तीन हजार शब्द कमी करायला सांगितले तेव्हा वाईट वाटलं, पण त्यांनी खूण केलेल्या जागा बहुतेक खऱ्याच सैल होत्या.

अंकांच्या बाजूनेही तक्रार आहे. त्याआधी एका अंकाने माझ्या कथेची साधी पोचही दिली नव्हती, आणि त्या चार महिन्यांत ती दुसरीकडे देताही येईना. छापून आल्यावर आठवडेच्या आठवडे शांतता असते. पण वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेतून अंक पुढे कित्येक महिने फिरत राहतात. मला पहिला फोन जानेवारीत आला, सांगलीहून, एका निवृत्त शिक्षिकेचा. त्यांनी गोष्ट एका बैठकीत वाचली होती आणि दुसऱ्यांदा वाचून मग फोन केला होता.

ऑडिओबद्दल थोडक्यात. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकण्याचं ॲप २०१७ साली भारतात आलं तेव्हापासून मराठीत ऐकण्याचा वर्ग चांगलाच वाढलाय असं मला आजूबाजूला दिसतं. मी एकच कथा त्यासाठी लिहिली. ऐकणारा कणीक मळत असतो किंवा लोकलमध्ये उभा असतो. लांब वाक्याचं टोक त्याच्या हातून सुटलं की तो मागे जात नाही. संवादांवर जगणारी गोष्ट असेल तर जरूर द्या. करारात छापण्याचे हक्क कोणाकडे राहतात, तेवढं मात्र नीट वाचा.

तुम्ही अजून एकही मोठी गोष्ट पूर्ण केली नसेल, तर मालिकेला नाही म्हणू नका. मीही तिथेच पूर्ण करायला शिकलो. शेवट आधीच पक्का ठाऊक असेल तरीही ती चालेल. पण गोष्ट कोणाची आहे हे लिहितालिहिताच कळणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर मी अंकाकडे झुकेन. आणि एक लक्षात ठेवा, ॲपवर आलेली कथा बहुतेक अंक घेत नाहीत, त्यांना अप्रकाशितच लागते. क्रम चुकला तर परतीची वाट नाही. आक्काची गोष्ट मला आज पहिल्या पानापासून लिहायची आहे, आणि ती मी अंकाला देऊ शकत नाही.